लाईट आली की गुरुजी बोलतात

सुमनमामींनी अट एकच घातली होती आणि ती ऐकायला अगदी साधी होती.

"मला कुनाला बोलवायला लागू नये. बास."

भारतीने ती अट वहीत लिहून घेतली. ती नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. एखादी गोष्ट वहीत उतरल्याशिवाय ती घडली यावर तिचा पूर्ण विश्वास बसत नसे. पानाच्या वर तिने तारीख टाकली, २७ जून १९९९, आणि खाली लिहिलं : मामींना काहीही दाबावं, फिरवावं किंवा वाचावं लागू नये.

प्रश्न होता रंभाजी गुरुजींना बघायचा. गुरुजी म्हणजे भारतीचे मामा. राजूरच्या आसपासच्या शाळांत त्यांनी चौतीस वर्षं मास्तरकी केली. शाळा सुटल्यावर पायपीट करत वाड्यावस्त्यांवर जायचं आणि भूत, भानामती, अंगात येणं हे सगळं खोटं कसं ते लोकांना पटवायचं, हा त्यांचा दुसरा धंदा. त्यात मिळकत नव्हती, पण कीर्ती पुष्कळ होती. गेल्या नोव्हेंबरात गुरुजी वारले. जलदान विधी झाला, मुलगा महेंद्र ठाण्याला परत गेला आणि राजूरच्या घरात सुमनमामी एकट्या राहिल्या. हलते-बोलते गुरुजी उरले ते एका व्हिडिओ कॅसेटवर. त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभाचं हे शूटिंग सत्तेचाळीस मिनिटांचं होतं, आणि त्यातली चाळीस मिनिटं गुरुजींचंच भाषण.

ती कॅसेट बघायला मामींना शेजारच्या पुंजारामकडे जावं लागे. पुंजाराम भला माणूस, त्याची बायको बनुबाईही भली. पण कॅसेट लावली की त्यांच्या घरातली पाचसहा माणसं बसायची, चहा व्हायचा, आणि मामींकडे बघून सगळी आळीपाळीने उसासे टाकायची.

"आपल्याच मानसाला बघायचं तर दर टायमाला दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायचं व्हय?" मामी म्हणाल्या होत्या.

त्यात राजूरच्या दमट हवेने कॅसेटला पांढरी बुरशी धरली. भारतीने ती नगरला नेऊन साफ करून घेतली, सीडीवर उतरवून घेतली, आणि मग खरा पेच सुरू झाला. सीडी लावायची कशावर?

स्टाफरूममध्ये हा विषय काढला ही तिची पहिली चूक. विभागप्रमुखांनी व्हीसीडी प्लेअर सुचवला. रसायनशास्त्राच्या बाईंनी त्यांच्या सासूबाईंनी प्लेअरच्या ट्रेवर चहाची बशी ठेवल्याची हकीकत सांगितली. गणिताच्या सरांनी मामींनाच नगरला आणा म्हणून सल्ला दिला, म्हणजे यंत्राची गरजच उरत नाही. भारतीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन तक्ता केला. उभ्या रकान्यात यंत्रं आणि आडव्या रकान्यात मामींना कराव्या लागणाऱ्या कृती. व्हीसीआरला नऊ कृती. व्हीसीडी प्लेअरला पाच, मध्ये लाईट गेली तर आठ, आणि रिमोटवर अडतीस बटणं, त्यातली सदतीस चुकीची. संगणकाच्या रकान्यात मात्र शून्य. प्लेअरला दर वेळी सांगावं लागतं, संगणकाला एकदाच सांगून ठेवता येतं. लाईट आली की चालू हो, चालू झालास की ही सीडी लाव, टीव्हीवर दाखव, संपली की गप्प बस. भौतिकशास्त्राच्या माणसाला शून्याचा मोह फार. भारती त्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि तिथेच फसली.

दिल्ली दरवाजाजवळ अमृतचं संगणकाचं दुकान होतं. अमृत भारतीचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे तो तिच्याशी अत्यंत आदराने वागायचा आणि तिचं काही ऐकायचा नाही.

"मॅडम, घरात मुलं किती?"

"एकही नाही."

"मग इंटरनेट?"

"राजूरला साधा फोन लागायला अर्धा तास जातो."

"मग ह्याला करायचं काय?"

"एक सीडी लावायची आणि ती कधीच काढायची नाही."

अमृतने त्या नव्या कोऱ्या पेंटियमकडे अशा नजरेने पाहिलं की जणू गुणी मुलगी चुकीच्या घरी पडली. मग बहुधा त्या खोक्याचीच दया येऊन त्याने आपल्या पदरचे दोन मोठे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक जाडजूड काळा डबा दिला. "मॅडम, आता हे नुसतं कॉम्प्युटर नाही. होम थिएटर आहे. आवाज बघा कसा पोटातून येतो."

मशीनच्या पोटात एक सेटिंग होतं : गेलेली लाईट परत आल्यावर काय करायचं? उत्तरं तीन. बंद राहा, चालू हो, किंवा जसा होतास तसा हो. भारतीने तिसरं निवडलं. मामींनी स्वतःहून बंद केलं तर ते बंदच राहावं, त्यांच्या मनाविरुद्ध चालू होऊ नये, इतका बारीक विचार तिने केला होता. आणि दिवसातून दोनतीन वेळा राजूरला लाईट जातेच. तेव्हा लाईट गेली, आली, गुरुजी बोलले, गप्प झाले. राजूरच्या विजेवर इतका भरवसा त्याआधी कुणी टाकला नसेल. तिच्या येण्यावर नाही, जाण्यावर.

एसटीत कंडक्टरने खोक्याला तिकीट लावायचं म्हटलं.

"टीव्ही का?"

"नाही."

"मग काय?"

भारतीने खरं सांगितलं. कंडक्टरने दरपत्रक वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. शेवटी त्याने शिलाई मशीन म्हणून पावती फाडली आणि ताई, कुणी विचारलं तर हेच सांगा, अशी ताकीद दिली. संगमनेर, अकोले, मग जीप. गुरुजींनी राजूरच्या घरात पुन्हा प्रवेश केला तो असा, शिलाई मशीन म्हणून.

समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली टीव्ही, टीव्हीशेजारी खोका. भारतीने मेन स्विच खाली केला, वर केला. दीड मिनिट काही झालं नाही. मग पडदा निळा झाला, आणि गळ्यात झेंडूचा हार घातलेले गुरुजी उभे राहिले. त्यांनी चष्मा नीट केला, समोर पाहिलं आणि विचारलं, "मागे आवाज येतोय का?"

आणि थांबले. हीच गुरुजींची खोड. चौतीस वर्षं वर्गावर काढलेला माणूस, प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघायचा. निवृत्तीच्या भाषणातसुद्धा दर चार वाक्यांनी प्रश्न आणि मग शांतता. काळ्या डब्यामुळे त्यांचा आवाज जिवंतपणी होता त्याहून खोल झाला होता. वरचे पत्रे बारीक थरथरत होते.

"येतोय," मामी हळूच म्हणाल्या.

भारती हसली. नंतर तिला आठवलं, मामी हसल्या नव्हत्या.

पाच आठवड्यांनी महेंद्रचा फोन आला.

"जय भीम ताई. तू आमच्या घरात काय करून ठेवलंयस?"

"का? बिघडलं का?"

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं. पुंजारामकाका दूध फाटकाशी ठेवून पळतात. बनुकाकी आठ दिवस घरात आली नाही. सगळं गाव म्हणतंय, गुरुजी परत आलेत. माझ्या बापाचं भूत झालं, ताई. माझ्या बापाचं." मग त्याने निर्णय सांगून टाकला. "मी रविवारी येतो. ते खोकं विकतो आणि आईला ठाण्याला घेऊन येतो. भुताच्या घरात तिला ठेवणार नाही."

"भूत नसतं, महेंद्र."

"मला माहितीये. तेही तेच म्हणतात. बंद घरातनं."

शुक्रवारी रजा टाकून भारती राजूरला गेली. अकोल्याच्या पुढे जीप धुक्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. दुपारचे दोन वाजले होते, पण रस्त्याकडेची झाडं एकेक करून आधी सावलीसारखी दिसायची आणि मग झाडं व्हायची. स्टँडवर उतरली तेव्हा समोरची पेढ्यांची दुकानं नुसती उजेडाचे ठिपके होती. त्यातला एक ठिपका हलला, जवळ आला आणि पुंजाराम झाला. त्याच्या हातात बॅटरी होती.

"बरं झालं आलात, ताई. च्या घ्या आधी. तिकडं लगेच नगा जाऊ."

त्याने सांगितलेली हकीकत भारतीने वहीत जशीच्या तशी उतरवली.

"सुमनवैनी पेन्शनीच्या कागदासाठी अकोल्याला गेल्त्या. दाराला कुलूप. दुपारचं तीन वाजलं असत्याल, असंच धुकं. मी म्हन्लं, दुधाचं भांडं खिडकीत ठिवू. तर आतनं गुरुजी म्हन्ले, मागे आवाज येतोय का. मी म्हन्लं, येतोय गुरुजी. सवय हाय ना, त्यांच्याच हाताखाली चौथी केली मी. मंग ध्यानात आलं, गुरुजींना जाऊन नऊ म्हैनं झालं."

"मग?"

"मंग ते म्हन्ले, भूत नसतं."

"अहो, बरोबरच म्हणाले."

"त्ये बरोबरच म्हन्ले. म्हन्ले, मी लई हुडकलं, मला घावलं न्हाई. तुमच्यापैकी कुनाला घावलं तर माझ्याकडं घेऊन या. माझ्या घरचा पत्ता ठावा हाय ना?" पुंजारामने बॅटरी उगाच चालू केली, बंद केली. "आन गप झाले. वाट बघत हुते, ताई. उत्तराची. मी पळालो. भांडं अजून तिथंच हाय."

भारतीने त्याला सगळं समजावलं. लाईट जाते, येते, तशी मशीन आपोआप सुरू होते. पुंजारामने शांतपणे ऐकलं.

"पन त्या दिशी लाईट गेलीच नव्हती."

"कशावरून?"

"हपिसात इचारलं मी. तिथं लिवल्यालं हाय."

भारतीला बरं वाटलं. लिहिलेलं म्हणजे तिच्या हद्दीतलं. ती लाईटीच्या ऑफिसात गेली, पुंजारामही मागोमाग आला. तिथे मच्छिंद्र नावाचा वायरमन एकटाच ओल्या टोपीखाली बसला होता. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. त्या तारखेसमोर सुंदर अक्षरात लिहिलं होतं : पुरवठा अखंड. आदल्या दिवशीही अखंड, नंतरच्या दिवशीही. भारतीने पानं उलटली. राजूरची लाईट दोन महिने कधी गेलीच नव्हती. हे ती वाचत असतानाच डोक्यावरचा दिवा गेला.

"ही आत्ता गेली ना?" तिने अंधारात विचारलं.

"गेली की."

"मग लिहा."

"असं न्हाई लिवता येत, बाई. लाईट गेली लिवायची तर वर कळवावं लागतं. वरचे कारन इचारत्यात. कारन हुडकायला खांबावर चढावं लागतं. चढून उतरून येईस्तवर लाईट येती. मंग आलेल्या लाईटीचं काय लिवू?"

"पण त्या दिवशी तीनच्या सुमारास गेली होती की नाही?"

"गेल्ती. दोनदा."

"तसं लेखी द्या मला."

मच्छिंद्रला ती बाई आवडली असावी. लेखी द्यायला तो मोठ्या आनंदाने तयार झाला. मात्र लेखी द्यायचं ते रजिस्टर बघूनच द्यायला हवं. त्याने मेणबत्तीच्या उजेडात अर्ध्या कागदावर लिहिलं की सदर दिवशी सदर ठिकाणी पुरवठा अखंड होता, आणि त्यावर शिक्का उठवला. भारतीने तो कागद हातात घेतला तेव्हा मागून पुंजाराम तो वाचत होता. अर्ध्या तासात स्टँडवर सगळ्यांना कळलं : गुरुजींचं भूत आता शिक्क्यानिशी खरं झालं, आणि ते काम नगरच्या प्रोफेसरबाईंनी जातीने येऊन केलं.

घराकडे जायला लागली तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि धुकं गुडघ्याशी आलं होतं. पुंजाराम फाटकापर्यंत सोबत येतो म्हणाला आणि फाटकाच्या बरंच आधी थांबला. भारती एकटी पुढे गेली. ओसरीपाशी पोचते तोच लाईट आली. खांबावरचा बल्ब धुक्यात पिवळा झाला. ती थांबली आणि मनात मोजू लागली. नव्वद सेकंद.

"मागे आवाज येतोय का?" गुरुजींचा आवाज भिंतीतून आल्यासारखा आला. ओसरीच्या फरशीतून तिच्या तळपायाला तो जाणवला.

"येतोय," आतून मामी म्हणाल्या. "आज लई पाऊस हाय, जरा मोठ्यानं बोला."

"मी आज फार वेळ घेणार नाही."

"तुमी नेहमी असंच म्हन्ता."

"आता तुम्ही म्हणाल, गुरुजी नेहमी असंच म्हणतात."

मामी हसल्या. गुरुजीही हसले.

भारती दाराला कान लावून उभी राहिली. सीडी तिनेच करून घेतली होती. भाषणातला शब्द न् शब्द तिला माहीत होता, कुठे माइक खरखरतो तेही. गुरुजींच्या तोंडी एकही नवा शब्द नव्हता. तरी आत दोन माणसं गप्पा मारत होती, यात तिला शंका उरली नव्हती. मामी विचारायच्या, गुरुजी सांगायचे. गुरुजी विचारायचे, थांबायचे, मामी नेमक्या तेवढ्याच वेळात सांगून मोकळ्या व्हायच्या. छप्पर गळतंय. महेंद्रची पोरगी चालायला लागली. सोयाबीन पिवळं पडलं. मध्ये कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं. इतका चांगला संवाद भारतीने कुठल्याच जिवंत नवराबायकोत ऐकला नव्हता.

"गरिबी ही देवाची करणी आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई," मामी म्हणाल्या. "पाठ हाय मला. फुडं चला. तुमच्या भाचीला घातलंय मी पत्र, येईल एवढ्यात."

भारतीने दार लोटलं. मामी पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या दचकल्या नाहीत. तोंडाशी बोट धरून त्यांनी तिला बसायची खूण केली, जसं कुणी महत्त्वाचं बोलत असताना करतात. भाषण संपेपर्यंत दोघी बसल्या. हारतुरे झाले, आभार झाले, पडदा काळा झाला.

"मामी, लोक घाबरलेत या आवाजाला."

"घाबरू दे की."

"महेंद्र हे सगळं काढून टाकणार आहे. तुम्हालाही घेऊन जाणार म्हणतोय. रविवारी मी सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवते. मेन स्विच खाली करायचा, वर करायचा, मशीन आपोआप चालू होते. मामांनी असंच केलं असतं ना?"

"त्यांनी तसंच केलं असतं," मामी म्हणाल्या. सूप खाली ठेवून त्यांनी हात झटकले. "पन मला सांग, परयोग झाल्यावर काय हुईल? भ्या निघून जाईल. मंग रोज लाईट आली की पुंजाराम येईल, बनुबाई येईल, समदी आळी येऊन बसंल. हितं."

 हे तिच्या तक्त्यात नव्हतं.

"चौतीस वर्सं त्ये लोकांशी बोलले. या वाडीला चालले, त्या वाडीला चालले. घरात आले की घसा बसल्याला. जेवायला वाढू का म्हन्लं तर हं. झोपता का म्हन्लं तर हं. मी कंदी कुरबुर केली न्हाई, मानूस चांगल्या कामाला जात हुता." त्या टीव्हीकडे न बघता बोलत होत्या. "हे भाषन त्यांनी लोकांसाठीच केल्यालं हाय, ठावं हाय मला. मेलेलं मानूस येत न्हाई, तेबी ठावं हाय. मी काय येडी न्हाई, भारते. पन आता कुठं त्ये माझ्या एकटीशी बोलत्यात. तू ठरीव काय करायचं ते. शिकल्याली तू हायेस."

रविवारी महेंद्र आला. चपला काढायच्या आधीच तो खोक्याजवळ गेला, गोल बटण अंगठ्याने दाबून धरलं, आणि हिरवा दिवा विझेपर्यंत सोडलं नाही. "आधी हे बंद," तो म्हणाला. भारती त्या वेळी ओसरीवर सतरंजी टाकत होती. तिला ते दिसलं, पण त्याचा अर्थ तिथल्या तिथे लागला नाही. ती दोन रात्री झोपली नव्हती आणि अजून काहीच ठरलं नव्हतं. एका बाजूला मामांची चौतीस वर्षं होती, दुसऱ्या बाजूला मामींची.

पंधराएक माणसं जमली. घरात यायला कुणी तयार होईना, म्हणून दार सताड उघडं ठेवून सगळी ओसरीवर उभी राहिली. धुकं त्यांच्या आधीच आत गेलं होतं. टीव्हीची काच धुरकट दिसत होती. बनुबाईने पदर तोंडाशी धरला होता. मच्छिंद्र वायरमन मेन स्विचजवळ उभा होता. त्याला सरकारी प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं आणि तो दाढी करून आला होता.

भारतीने घसा साफ केला. अखेर ती प्रयोग करायलाच उभी राहिली. खोटं बोलायचं तिला शिकवलेलंच नव्हतं. "भूत नसतं," तिने सुरुवात केली, आणि ओसरीवरची दोन माणसं एक पायरी खाली उतरली. ते वाक्य आता गुरुजींचं होतं. "लाईट आली की हे यंत्र आपोआप चालू होतं. एवढंच आहे. मच्छिंद्र, स्विच खाली करा. दहा मोजा. आता वर."

बल्ब लागला. टीव्हीचा दिवा लागला. सगळे बघत राहिले. नव्वद सेकंद फार असतात. पत्र्यावरून पागोळ्यांचं पाणी पडत होतं, एवढाच आवाज. दोन मिनिटं झाली. खोका काळा होता तसाच काळा.

तिसऱ्या मिनिटाला भारतीच्या लक्षात आलं. जसा होतास तसा हो. महेंद्रने तो बंद केला होता, म्हणून तो बंदच राहिला. यंत्र अगदी बिनचूक वागत होतं. एक वाक्य बोललं की संपलं असतं. गोल बटण एकदा दाबायचं, प्रयोग पुन्हा करायचा. तोंड उघडलंही होतं तिने.

मामी चुलीजवळच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. नुसत्या तिच्याकडे बघत होत्या.

"असं का झालं, ताई?" महेंद्रने विचारलं. त्याचा आवाज आता बारीक झाला होता.

"कारण माहीत नाही," भारती म्हणाली.

पंधरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य तिने पुष्कळदा प्रामाणिकपणे म्हटलं होतं. तिला वाटलं, खोटं म्हणताना ते निराळं ऐकू येईल. तसं काही झालं नाही.

"म्हंजी लाईटीवर न्हाईच त्ये," पुंजाराम हळूच म्हणाला. "मनात यील तवाच बोलत्यात." त्याने टोपी काढली, दाराकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी तीन पायऱ्या उतरला आणि धुक्यात दिसेनासा झाला. त्याच्यामागे बाकीचे. मच्छिंद्रने जाताना भारतीला सांगितलं, "बाई, आमचं रजिस्टर बरोबर हुतं बघा." त्याला खरंच समाधान वाटलं असावं.

उरला महेंद्र. तो खोक्यापासून चार हात लांब उभा होता.

"आई, तू चल माझ्याबरोबर. आज."

"येते की," मामी म्हणाल्या. "पन हे घेऊन येनार."

महेंद्रने खोक्याकडे पाहिलं, तसबिरींकडे पाहिलं. बापाची सगळी शिकवण त्याच्या चेहऱ्यावरून एकदा जाऊन आली. "जागा लहान आहे, आई. रेश्माला विचारावं लागेल. पोरगी लहान आहे." मग घड्याळ बघून म्हणाला, "चारची जीप गाठतो. सुट्टी नाही मला उद्या." विकायचं त्याने काढलंच नाही. त्या खोक्याला हात कोण लावणार?

घरात दोघीच राहिल्या. मामींनी सतरंजी गुंडाळली, कोपऱ्यात उभी केली.

"खरंच ठावं न्हाई तुला?"

"माहीत आहे."

"हं," मामी म्हणाल्या. "गुरुजींनी नापास केलं असतं तुला."

"हो."

मामी जवळ आल्या, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कपाळाशी मोडली. मग त्या खोक्यापाशी गेल्या. अंगठा नीट पदराला पुसला आणि गोल बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. भारती बघतच राहिली.

"तुम्हाला येतं हे?"

"पयल्या आठवड्यातच आलं. लाईटीचा काय भरवसा?" त्या पाटावर बसल्या, पदर सारखा केला, समोर बघू लागल्या. "जा आता तूबी. शेवटची जीप चुकंल."

भारतीने पिशवी उचलली, दार हलकेच ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरली. फाटकापाशी धुक्यात कुणीतरी उभं होतं. पुंजाराम. बॅटरी त्याने विझवलेली होती आणि हातात संध्याकाळचं दूध होतं. मागे घरातून पत्र्याची बारीक थरथर ऐकू येऊ लागली. मग गुरुजींचा आवाज आला आणि पाठोपाठ मामींचा.

"ताई," पुंजारामने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुमी शिकल्याल्या. खरं सांगा. हायेत का गुरुजी आत?"

भारतीने वळून घराकडे पाहिलं.

"आहेत," ती म्हणाली. "पण दोघं बोलतायत. आत्ता नका जाऊ."

पुंजारामने मान डोलावली. पायातल्या चपला काढून त्याने हातात घेतल्या, दुधाचं भांडं आवाज न करता फाटकाशी टेकवलं आणि अनवाणीच परत फिरला.